गास्पारच्या नावाचा फरक

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. आकाशातले तारे बघायची नव्हे, तर जमिनीवरचे आणि जमिनीखालचे कोन मोजायची. मी वाकडी आहे. माझ्यातून एकदाच पाहून जो निघून जातो त्याला मी चुकीचा कोन दाखवते, आणि ही चूक कोणी कधी दुरुस्त करू नये एवढीच माझी इच्छा आहे. ती एका माणसाच्या नावावर आहे. राग मनात धरू नये असं तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. मी जन्मभर शाळेतच राहिले, पण तो धडा काही माझ्या डोक्यात शिरला नाही.

माझा जन्म पॅरिसमधल्या एका पितळकाम करणाऱ्या कारखान्यात झाला. माझ्या भिंगात जी बारीक फुली दिसते ती कोळ्याच्या धाग्याची आहे. तिथे एक बाई डबीत कोळी पाळायची आणि श्वास रोखून त्याचा धागा ताणून बसवायची. तिने मला डोळा लावून पाहिलं आणि म्हणाली, "ही सरळ आहे." तेवढंच एक प्रशस्तिपत्र घेऊन, पेंढ्यात गुंडाळलेली मी कोळशाच्या खोऱ्यातल्या आमच्या शाळेत आले.

शाळा एका जुन्या मठात होती. राज्यक्रांतीत तिथले साधू गेले आणि त्यांच्या मागे खाणींचे इंजिनिअर घडवणारे लोक आले. सुरुवातीला प्रार्थनाघराचं छप्पर गळायचं आणि मुलं ओल्या कागदावर भूमिती काढायची. मी आले तोवर मात्र शाळेचा दबदबा देशभर झाला होता. प्रवेशाच्या परीक्षेसाठी मुलं दोन-दोन वर्षं डोकं फोडून अभ्यास करायची आणि त्यातली मूठभर आत यायची. पहिल्या वर्षी गणित आणि चित्रकाम, दुसऱ्या वर्षी रसायन, धातूंची पारख, वाफेची यंत्रं आणि मोजणी, तिसऱ्या वर्षी खाणकाम आणि कायदा. शेवटी सगळ्यांचा क्रमांक लागायचा. पहिला येणाऱ्याला सरकारी खाणींच्या खात्यात मानाची जागा मिळायची, आणि मग सगळं आयुष्य लोक त्याला बघून टोपी काढायचे.

मोजणी शिकवायला मस्य, म्हणजे तिकडचे श्रीयुत, कोलोंबे होते. कोरडा, खोकणारा माणूस, पण मला हात लावायच्या आधी हात धुवायचा. मठाच्या अंगणातल्या भिंतीवर त्यांनी एक काळी फुली काढून ठेवली होती. मला कुठे धक्का लागला तर त्या भिंतीसमोर उभं करायचं. फुलीकडे एकदा पाहायचं, मग माझी नळी उलटी करून पुन्हा पाहायचं. दोन्ही वाचनं जुळली तर मी सरळ. दरवर्षी पहिल्या तासाला ते मुलांना सांगायचे, "पाडलीत तर चालेल, पोरांनो. आपण भिंतीला लावू, नीट करू. पण लपवलीत, तर सामान आवरा. खाणीत लपवलेली चूक माणसं मारते."

मित्रांनो, अशा माणसाच्या हाताखाली मी सुखात होते. त्यात माझ्या वाट्याला बातिस्त आला. सपाता करणाऱ्याचा मुलगा, सरकारी मदतीवर शिकणारा. तो मला हरणाच्या कातड्याने पुसायचा आणि पुसताना माझ्याशी बोलायचा. प्रत्येक कोन तो दोनदा वाचायचा, एकदा सरळ आणि एकदा उलटून. त्याचा जोडीदार होता गास्पार द ब्रेसाक. बापाच्या खाणी, देखणा चेहरा, आणि डोकंही तल्लख होतं, हे मी कबूल करते. पण तो सगळं एकदाच वाचायचा. दुसरं वाचन बातिस्त घ्यायचा आणि बेरजा गास्पार करायचा. वर्गात गास्पार पहिला होता आणि बातिस्त दुसरा. दोघांमध्ये जेमतेम एका परीक्षेचं अंतर होतं.

एका वसंतात नदीच्या पुलावर गास्पारने मला कठड्यावर ठेवलं. पलीकडून काही मुली येत होत्या आणि त्याला त्यांना दुर्बिणीतून घंटाघर दाखवायचं होतं. मी दगडावर कोसळले. माझं भिंग तडकलं, एक पाय चेपला. त्याने मला गुपचूप पेटीत घातलं आणि पेटी कोठीत नेऊन ठेवली. दोन दिवसांनी कोलोंबेंनी ती उघडली. त्यांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही.

गास्पारने शांतपणे सांगितलं की त्या दिवशी पेटी बातिस्तकडे होती. बातिस्त म्हणाला, "मी नाही पाडली, मस्य." कोणी पाडली ते त्याला ठाऊक नव्हतं, त्यामुळे आणखी काय सांगणार? संचालकांनी एकाचा बाप पाहिला, दुसऱ्याच्या बापाच्या सपाता पाहिल्या, आणि निकाल लावला. बातिस्त ट्रंक घेऊन निघाला तेव्हा कोठीत आला. त्याने माझा चेपलेला पाय पुसला. एवढंच बोलला, "तुला तरी माहीत आहे."

मला माहीत होतं. पण मला तोंड नव्हतं.

पॅरिसहून नवं भिंग आलं. कोलोंबेंनी मला स्वतः भिंतीला लावलं आणि मी पुन्हा सरळ झाले. सगळे म्हणाले, दुर्बीण बरी झाली. मित्रांनो, मी बरी झाले नव्हते. मी वाट पाहत होते.

शरदात माझी वेळ आली. डोंगरावरची मोजणी संपवून गास्पारला गावातल्या नाचाला जायची घाई होती. त्याने मला पेटीत न घालताच घोडागाडीच्या बाकावर टाकलं, आणि वळणावर मी खडकावर पडले. माझा आस आतून वाकला. मनात आणलं असतं तर मी पुन्हा काच तडकवून दाखवली असती. पण मी अंगावर ओरखडासुद्धा दिसू दिला नाही. त्याने मला उलटीपालटी करून पाहिलं आणि सुटकेचा श्वास टाकला. मीही टाकला.

आता तुम्ही म्हणाल, मग त्याने मला भिंतीला का लावलं नाही? ती भिंत सगळ्या वर्गांच्या खिडक्यांखाली होती. तिथे मला उभं करणं म्हणजे शाळेला ओरडून सांगणं, की ही पडली. आणि या वेळी दोष द्यायला बातिस्त नव्हता. दुसऱ्यांदा पडली म्हटल्यावर पहिल्यांदा कोणी पाडली हेही लोकांनी विचारलं असतं. एकदा खोटं बोललेल्या माणसाला त्या अंगणात जायची वाटच उरली नव्हती.

आमच्या शाळेत तिसऱ्या वर्षाची खरी परीक्षा कागदावर होत नसे. मागच्या टेकडीत दोन बाजूंनी बोगदा खणायचा, एक तुकडी उत्तरेकडून आणि एक दक्षिणेकडून. खाणकामगारांच्या देवीच्या, सेंत बार्बच्या सणाला, दोन्ही तुकड्या मध्ये भेटायच्या. शेवटचा दगड फुटला की उत्तरेच्या म्होरक्याने भोकातून उघडा हात घालायचा, पलीकडून दक्षिणेच्या म्होरक्याने तो धरायचा, आणि मग त्याच भोकातून वाइनचा प्याला फिरायचा. उत्तरेचा म्होरक्या गास्पार होता. दिशा द्यायला मी होते.

रोज त्याने मला एकदाच विचारलं. रोज मी एकदाच उत्तर दिलं. मी खोटं बोलले नाही हं. मला उलटून पुन्हा विचारलं असतं, तर माझी चूक मीच दाखवून दिली असती. ते काम बातिस्तचं होतं.

सण जवळ आला तसे खडकातून पलीकडच्या कुदळींचे आवाज यायला लागले. ते समोरून यायला हवे होते. एका दुपारी सगळे जेवायला गेले असताना गास्पारने खडकाला कान लावला. आवाज डावीकडून येत होता. तो तसाच उभा राहिला, तोंडाचा रंग पांढरा पडला. मग माझ्याकडे वळून बघितलं. त्या क्षणीसुद्धा तो मला उचलून भिंतीकडे गेला असता, तर बोगदा वाचला असता आणि कदाचित तोही. तो जेवायला गेला.

सणाच्या दिवशी बोगद्यात पाहुण्यांची दाटी होती. संचालक, खाणमालक, बायका फर सांभाळत उभ्या, बाहेर बँड. गास्पारचा बाप अगदी पुढे, टोपी हातात धरून. गास्पारने हातमोजा काढून ठेवला होता. कुदळी चालल्या, दगड पडत राहिला, भोक काही पडेना. आणि मग पलीकडचा ठोका ऐकू आला. पाहुण्यांच्या पाठीमागून. दक्षिणेची तुकडी आमच्या शेजारून कधीच पुढे निघून गेली होती. सगळी मंडळी हळूहळू मागे वळून कोऱ्या भिंतीकडे बघू लागली. गास्पारचा उघडा हात तसाच होता. धरायला कोणी नव्हतं. मित्रांनो, तो हात बघून मला जो आनंद झाला, तसा पुन्हा कधी झाला नाही.

कोलोंबेंनी मला तिपाईसकट उचललं आणि अंगणात आणलं. खिडक्यांत मुलं गर्दी करून होती. कोलोंबेंनी फुलीकडे एकदा पाहिलं, मला उलटलं, पुन्हा पाहिलं.

"कधी पडली?" त्यांनी विचारलं.

"बातिस्तनं पाडली होती तेव्हाच, मस्य..."

"त्यानंतर मीच तिला इथे लावलं होतं, गास्पार. सरळ होती." कोलोंबे म्हणाले. "मग त्या वेळीही तूच पाडलीस ना?"

गास्पारच्या बापाने टोपी घातली आणि मुलाला न घेता गाडीत जाऊन बसला. संध्याकाळी ज्या फाटकातून बातिस्त गेला होता त्याच फाटकातून गास्पार ट्रंक घेऊन गेला. बापाच्या पैशाने त्याचं पुढे काही अडलं नाही, पण खाणखात्याची ती जागा त्याला मिळाली नाही.

बातिस्तला कोलोंबे स्वतः जाऊन घेऊन आले. पुढच्या सेंत बार्बला भोकातून त्याचा हात गेला आणि पलीकडून घट्ट धरला गेला. मला मात्र कोलोंबेंनी दुरुस्तीला पाठवलं नाही. म्हणाले, "हिला अशीच राहू दे. नव्या पोरांना दोनदा पाहायला शिकवायचं आहे."

तेव्हापासून दरवर्षी पहिल्या दिवशी मला त्या भिंतीसमोर उभं करतात. मुलं दोन्ही वाचनं घेतात आणि मधल्या फरकाला गास्पार म्हणतात. "किती निघाला तुझा गास्पार?" असं एकमेकांना विचारतात. प्रयोगशाळेत कोणी चूक दडपली तरी म्हणतात, याने गास्पार केला. शाळा बदलली. कोळसा संपला, मुली शिकायला आल्या, अणुभट्ट्या आल्या, संगणक आले, आता उपग्रह कोन मोजतात. गास्पार मात्र आहे तिथेच आहे.

यंदा रांगेत एक मुलगी होती, ओदिल द ब्रेसाक. आडनाव ऐकून मी सावध झाले. तिने मला सरळ पाहिलं, उलटून पाहिलं, आणि फरक मोठ्याने सांगितला. मागून कोणीतरी हसत म्हणालं, "बघ बाई, तुझ्याच घरचा आहे."

"आहेच," ती म्हणाली. "माझे खापरपणजोबा. दोन्ही वेळा त्यांच्याच हातून पडली. त्यांनी सांगितलं नाही, म्हणून मी सांगते."

तिने खिशातून रुमाल काढून माझा चेपलेला पाय पुसला, अगदी बातिस्त पुसायचा तसा.

मित्रांनो, हातून वस्तू पडते. लहान-मोठ्या कोणाच्याही हातून पडते. ती उचला, पुसा, आणि ज्याची असेल त्याला जाऊन सांगा. आम्हा वस्तूंना तोंड नसतं, पण आमच्याकडे वेळ भरपूर असतो. ती मुलगी मला आवडली, खोटं कशाला बोलू? पण तिच्यासाठीसुद्धा तो फरक मी केसभर कमी केला नाही.