गुडघाभर खोल

गल्लीच्या अगदी खालच्या टोकाला कोंबडीकाकूंचं घर होतं. त्या घराच्या पुढच्या खोलीत एक मोठी लाकडी पेटी होती, पेटीला काचेची खिडकी होती आणि खिडकीच्या आत अंडीच अंडी होती. पेटीच्या बुडाशी, जमिनीवर, दोन कंदील मंद जळत असत. कोंबडी अंड्यांवर बसून जी ऊब देते तीच ऊब हे कंदील देत. फरक इतकाच, की पाणी आलं तर कोंबडी उठून पळते आणि कंदील विझतो.

मागच्या पावसाळ्यात तसंच झालं होतं. गल्ली उतरती. वरच्या शेतांचं सगळं पाणी गल्लीतून धावत आलं आणि काकूंच्या उंबऱ्यावरून थेट आत शिरलं. कंदील विझले, पेटी गार पडली, एकही पिल्लू निघालं नाही. "पुन्हा असं झालं ना, तर ही पेटी सरपणात घालीन," असं काकूंनी तेव्हाच सांगून टाकलं होतं. काकू जे बोलतात ते करतात, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

यंदा मात्र गल्लीनेच त्यांना भरीला घातलं. सरकारी कचेरीने मोठ्या रस्त्याखालून ओढ्यापर्यंत सिमेंटचा रुंद पाइप टाकून दिला होता. गल्लीच्या कडेने त्या पाइपापर्यंत गटार खणायचं, एवढंच काम लोकांकडे राहिलं होतं. "घाला काकू अंडी, बिनधास्त घाला! यंदा पाणी तुमच्या दाराकडे बघणारसुद्धा नाही," असं जो तो म्हणाला. काकूंनी अंडी ठेवली. आता पिल्लं बाहेर यायची वेळ अगदी जवळ आली होती. या शेवटच्या दिवसांत पेटी हलवायची नाही आणि उघडायचीही नाही. आतली ऊब गेली की सगळंच गेलं.

या गल्लीची काम करायची पद्धत ठरलेली होती : आपल्या दारासमोरचं आपण. झाडणं असो, खड्डा बुजवणं असो, जो तो आपल्या घराच्या रुंदीपुरतं करायचा. गटारही तसंच खणायचं ठरलं. कचेरीतल्या इंजिनियरबाई येऊन गेल्या. त्यांनी वरपासून खालपर्यंत हात फिरवला, "सगळ्यांनी गुडघाभर खोल खणा, एकसारखं!" असं सांगितलं आणि स्कूटरवर बसून पुढच्या गावाला निघून गेल्या.

मग काय विचारता! कुदळी निघाल्या, पहारी निघाल्या. गल्लीच्या खालच्या भागात राहणाऱ्या पैलवानाने तर व्यायाम म्हणूनच खणायला घेतलं. उतारावर त्याच्या खाली न्हाव्याचं दुकान होतं, आणि त्याच्या खाली काकूंचं घर. न्हावी हा काकूंचा दीर. चणीने लहान, पण हौस दांडगी. त्याने नुसतं खणलं नाही. दुकानातल्या जुन्या फरशीचे तुकडे त्याने गटाराच्या तळाशी नक्षी करून बसवले, निळा, पांढरा, पुन्हा निळा.

"बघून घ्या, वहिनी," तो म्हणाला. "यातून जाणारं पाणी आधी स्वतःचं तोंड बघेल, केस सारखे करील, मगच पुढे जाईल."

"थांबू नको म्हणावं केस सारखे करायला," काकू म्हणाल्या. "नुसतं जाऊ दे."

गटार पूर्ण झालं त्या सकाळी सगळी गल्ली बाहेर आली. वरच्या विहिरीवरचा पंप चालू करून पाणी सोडायचं ठरलं होतं. काकूंची मुलगी, जिला सगळे भिंगरी म्हणत कारण ती एका जागी कधीच नसे, ती सगळ्या पोरांना घेऊन वर जाऊन उभी राहिली. पंप धडधडला. पाण्याची पहिली जीभ गटारात उतरली.

"निघालं! निघालं!" भिंगरी ओरडली आणि सगळी पोरं पाण्याच्या बरोबरीने उतारावरून धावत सुटली. शिंपिणीचं दार गेलं, सुताराचं दार गेलं. पाणी पुढे, पोरं मागे; मग पोरं पुढे, पाणी मागे. खाली पाइपाच्या तोंडाशी मोठी माणसं वाकून बसली होती, जणू आतून पाहुणाच यायचा होता.

पैलवानाच्या दारात पाणी पोहोचलं आणि दिसेनासं झालं.

"काय झालं गं?" खालून कुणीतरी हाक मारली.

"बसलंय!" भिंगरी म्हणाली.

"बसलंय म्हणजे?"

"म्हणजे पुढे येत नाही. म्हशीसारखं डुंबत बसलंय!"

पैलवानाचं गटार भरत गेलं. काठोकाठ भरलं तेव्हा पाणी न्हाव्याच्या निळ्या फरशीवर चढायला लागलं. फरशी उंचावर होती. थोडं पाणी तिच्यावरून गेलं, बाकीचं काठ ओलांडून गल्लीत सांडलं आणि जुन्या सवयीने सरळ काकूंच्या दाराकडे निघालं.

"पंप बंद करा!" काकू ओरडल्या. दारात पोती टाकून त्या स्वतः त्यांच्यावर उभ्या राहिल्या. पाणी पोत्यांना टेकलं आणि तिथेच थांबलं.

मग सगळेच बोलायला लागले.

"पैलवान, गटार खणायला सांगितलं होतं, विहीर नाही!" न्हावी म्हणाला.

"आणि तू काय खणलंस? त्यात सशाचा पाय बुडणार नाही!"

"गुडघाभर आहे!"

"माझंही गुडघाभरच आहे!"

"हे बघ!" न्हाव्याने आपल्या गटारात उडी मारली. काठ त्याच्या गुडघ्याला बरोबर लागला. पैलवानानेही तावातावाने आपल्या पाण्यात उडी मारली. काठ त्याच्याही गुडघ्याला बरोबर लागला. दोघंही हात कमरेवर ठेवून एकमेकांकडे बघत उभे राहिले. दोघंही खरं बोलत होते!

भिंगरीला राहवेना. ती पैलवानाशेजारी पाण्यात उतरली आणि तिचा फ्रॉक फुगून पाण्यावर तरंगला. पाणी तिच्या कमरेपर्यंत आलं होतं.

"पण," ती म्हणाली, "बाईंनी सांगितलं तो गुडघा कुणाचा?"

सगळे एकमेकांच्या पायांकडे बघायला लागले. गल्लीत जितकी घरं तितके गुडघे, आणि जितके गुडघे तितकी खोली. सुताराच्या म्हाताऱ्या आईने तर नातवाला उभं करून माप घेतलं होतं.

शिंपिणीने बाईंना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"बाई, गुडघाभर खणा म्हणालात, तो गुडघा कुणाचा धरायचा?"

मग बाईंचा आवाज आला, "माझा... अगं बाई! तुम्ही सगळ्यांनी आपापला धरला?" आणि त्या इतक्या हसल्या, की गल्लीलाही हसू आवरेना. "चूक माझीच झाली हो. आणि गुडघा एकाचा असता तरी भागलं नसतं. जमीन कुठे वर, कुठे खाली. गटाराचा तळ वरपासून पाइपापर्यंत एका सरळ उतारात हवा. तुमच्याकडे पावसाचं काय?"

सगळ्यांनी मान वळवली. डोंगरामागे आभाळ काळंभोर झालं होतं.

"येतोय," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

"मग ऐका. तीन झाडू आणा."

"बाई, आम्हाला खणायचंय, झाडायचं नाही," पैलवान म्हणाला.

"दांडेच हवेत मला! तिन्ही दांडे एका मापाचे कापा. प्रत्येकाच्या डोक्यावर एक आडवी पट्टी ठोका. एक दांडा गटाराच्या वरच्या टोकाला तळावर उभा धरा. दुसरा खाली पाइपाच्या तोंडाशी. तिसरा मध्ये कुठेही. आता वरच्या पट्टीवरून एक डोळा मिटून खालच्या पट्टीकडे बघा. मधली पट्टी वर डोकावली, तर तिथला तळ उंच आहे, खणा. मधली दिसेनाशी झाली, तर तळ खोल आहे, भरा. तिन्ही पट्ट्या एका रेषेत आल्या की झालं!"

सुताराने बोलता बोलता दांडे कापले. बघायला भिंगरी उभी राहिली, कारण वरच्या पट्टीशी डोळा लावायला तिची उंची नेमकी होती. मधला दांडा पोरांनी आळीपाळीने धरला.

"डोकावतेय! खणा!"

"आता?"

"अजून डोकावतेय! अजून! बास! बास म्हटलं ना, काका!"

दांडा पैलवानाच्या दारात आला. साचलेलं पाणी बादल्यांनी उपसून झालं होतं.

"गायब!" भिंगरी आनंदाने ओरडली. "पूर्ण गायब! भरा!"

पैलवानाने इतक्या मेहनतीने काढलेली माती तितक्याच जोरात परत आत ढकलली, आणि ती दाबून बसवायचं काम पोरांकडे आलं. पोरांना उड्या मारायला सांगितलं जातंय, हे ऐकून पोरांचा आधी विश्वासच बसेना! थोड्याच वेळात सुताराच्या दारात पैलवान खणत होता, पैलवानाच्या दारात शिंपीण माती ओढत होती, शिंपिणीच्या दारात सुताराची म्हातारी दगड वेचत होती. काकू सोडल्या तर त्या गल्लीत पहिल्यांदाच कुणीही आपल्या दारासमोर नव्हतं. आपलं काय आणि दुसऱ्याचं काय, हे बघायला कुणाला सवडच नव्हती. डोंगरावर गडगडायला लागलं होतं.

मग मधला दांडा निळ्या फरशीवर आला.

"डोकावतेय," भिंगरी म्हणाली. "खूपच डोकावतेय."

न्हावी दुकानाच्या दारात आपल्याच खुर्चीवर जाऊन बसला. "बाकी सगळं उकरा. माझ्या फरशीला हात लावायचा नाही."

"अरे, गटार आहे ते, देव्हारा नाही," पैलवान म्हणाला.

"तुझं होतं गटार. माझं नक्षीकाम आहे. बघायला लोक थांबतात."

"लोक थांबतात तिथपर्यंत ठीक होतं. पाणी थांबतं त्याचं काय?"

न्हाव्याने तोंड फिरवलं. वाऱ्याची एक झुळूक थंडगार आली. लोक घाईला आले, कुणी समजूत घातली, कुणी टोमणे मारले. त्यामुळे तो अधिकच घट्ट बसला.

काकू इतका वेळ आपल्या दारातून हलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, जरा आत येता?"

"पेटी दाखवून रडवणार असाल तर येत नाही."

"रडवत नाही. ऐकवते."

तो कुरकुरत उठला. खोलीत अंधूक उजेड होता, कंदिलांचा वास होता. काकूंनी त्याला पेटीच्या लाकडाला कान लावायला सांगितलं. त्याने लावला. आधी काहीच नाही. मग अगदी बारीक, दूर कुठेतरी असल्यासारखं, चिव.

तो दचकला. "फुटली वाटतं!" त्याने काचेतून पाहिलं. सगळी अंडी गोल, गुळगुळीत, अखंड.

"एकही फुटलं नाही," काकू म्हणाल्या. "कवचाच्या आतूनच बोलतात. बाहेर यायच्या आधी एकमेकांना हाका मारतात."

"आतून?"

"आतून. सकाळपासून सुरू झालंय."

त्याने पुन्हा कान लावला. चिव. आणि दुसऱ्या कोपऱ्यातून उत्तर, चिव चिव. न्हाव्याचं तोंड लहान मुलासारखं उघडं राहिलं. तो तसाच बराच वेळ वाकलेला होता. मग उठला, बाहेर आला आणि त्याने पैलवानाच्या हातातली पहार ओढून घेतली.

"बाजूला व्हा सगळे. पहिला घाव मीच घालणार. दुसऱ्याने घातलेला मला बघवणार नाही."

खण्ण! निळा तुकडा उडाला. खण्ण! पांढरा. पुढच्या घावापासून पैलवान त्याच्या शेजारी खोऱ्याने माती बाहेर फेकायला लागला.

"अजून!" भिंगरी वरून ओरडत होती. "अजून थोडं, काका! अजून!"

पहिले टपोरे थेंब पडले.

"अजून... थांबा! पोरांनो, दांडा सरळ धरा! काका, सरळ! तिन्ही सरळ आल्या!"

आणि आभाळ फुटलं. असा पाऊस, की समोरचं घर दिसेना. वरच्या शेतांतून तांबडं पाणी आलं आणि गटारात उडी घेऊन निघालं. कुणी आडोशाला गेलं नाही. सगळी गल्ली भिजत पाण्याबरोबर धावली. शिंपिणीचं दार, सुताराचं दार. पैलवानाच्या दारात पाणी आलं तेव्हा पैलवानाने डोळे मिटून घेतले, उघडले, तोवर पाणी पुढे गेलंसुद्धा होतं! न्हाव्याच्या दारातून ते सुसाट सुटलं, काकूंच्या उंबऱ्याशेजारून वळण न घेता, न रेंगाळता गेलं आणि पाइपाच्या तोंडात शिरलं. आतून हत्तीने श्वास सोडावा तसा आवाज आला. पलीकडे ओढ्यात धबाधबा पाणी कोसळायला लागलं.

"जातंय! जातंय! जातंय!" न्हावी आणि पैलवान एकमेकांचे खांदे धरून चिखलात नाचत होते, आणि एकाचं डोकं दुसऱ्याच्या छातीशी येत होतं.

काकू मात्र बाहेर आल्या नव्हत्या. भिंगरी धापा टाकत खोलीच्या दारात गेली. "आई! आई, उंबरा कोरडा आहे! तू बघायला पण आली नाहीस!"

"शू," काकू म्हणाल्या. त्या पेटीसमोर गुडघे टेकून बसल्या होत्या. "हळू. इकडे ये."

काचेपलीकडे, पुढच्या रांगेतल्या एका अंड्याला बारीकशी भेग गेली होती. भेग थरथरली. कवचाचा एक कण खाली पडला आणि त्या छिद्रातून चोचीचं टोक बाहेर आलं, मागे गेलं, पुन्हा बाहेर आलं.

भिंगरीने आरोळी ठोकली ती ओढ्यापलीकडेसुद्धा गेली असेल. मग कोण ऐकतो? न्हावी आला, पैलवान आला, शिंपीण, सुतार, त्याची म्हातारी आणि सगळी पोरं खोलीत घुसली आणि काचेपाशी डोक्यावर डोकी रचून उभी राहिली. ओल्या कपड्यांतून, केसांतून, दाढीमिशांतून पाणी गळत होतं. जमिनीवर तळं व्हायला लागलं आणि ते सावकाश कंदिलांकडे सरकायला लागलं.

"अहो!" काकू उठल्या. त्यांनी फडकं एका हातात आणि झाडू दुसऱ्या हातात घेतला. "अहो, गटारातून नाही आलं ते पाणी तुम्ही अंगावरून घेऊन आलात! चला बाहेर! आधी अंग पुसा! भाऊजी, तुम्ही पण! एकेकाने यायचं, आणि कोरडं होऊन यायचं!"

सगळे हसत हसत बाहेर पडले आणि पावसात, दारासमोर, रांग लावून उभे राहिले. कोरडं होऊन येणार कसं, हे मात्र कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.