वन्संची झोपेची गोळी

दुसऱ्याच्या दुखण्यात हात घातल्याशिवाय वन्संना घास गिळवत नाही, अशी लाँड्रीवाल्या काकूंची जुनी तक्रार. कुणी शिंकलं की नणंदबाईंची पर्स उघडलीच. तिच्यात रुमाल एक आणि गोळ्या पसाभर.

काल काका सहज म्हणाले, झोप लागत नाही. वन्संनी लगेच आपली झोपेची गोळी काढली. "एका आईची लेकरं आपण. मला चालते, तर दादाला का चालू नये?"

सकाळी कपड्यांची बोचकी दारात येऊन पडली, इस्त्र्या गार, आणि काका काही केल्या उठेनात. काकूंनी तोंडावर पाणी मारलं, चिमटे काढले, नाही नाही ते बोलून पाहिलं. एरवी ऐकून न ऐकल्यासारखं करणारा माणूस आज खरंच ऐकत नव्हता. काकूंनी वन्संना हाक मारली आणि दोघींनी मिळून त्यांना रिक्षात घातलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आणखी कुठलं औषध चालू आहे?"

"नखांचं. सदा ओल्यात हात, नखं कुजलीत त्यांची."

"मग तिथंच घोळ झाला. पोटात गेलेली गोळी यकृत मोडतं, मग ती शरीराबाहेर पडते. या नखांच्या गोळीनं यकृताचे हातच बांधून ठेवलेत. झोपेची गोळी मोडायची कुणी? ती रक्तात तशीच राहिली."

"पण उतरेल ना?" हा एवढासा आवाज आपला, हे काकूंना पटेना.

"उतरेल. श्वास चांगला चाललाय. यकृत हळू काम करतंय, पण करतंय."

दुपार कलताना काकांनी एक डोळा उघडला. "वकिलांच्या कोटाला इस्त्री कुणी केली?"

"तुमच्या तीर्थरूपांनी!" काकू खेकसल्या, आणि डोळे पुसत त्यांची चादर उगाचच सारखी करत बसल्या.

कोपऱ्यातून वन्सं मुसमुसल्या, "वहिनी, मी भल्यासाठीच हो..."

"ठाऊक आहे. तुमच्या मायेत खोट नाही, वन्सं. पण आई एक असली तरी पोटातला कारभार ज्याचा त्याचा. भावाला वाढा, ओवाळा, शिव्या घाला. गोळी दिलीत, तर पर्ससकट तुम्हाला भट्टीत उकळून काढीन. आता नाक पुसा आणि चला, बोचकी आपल्या दोघींनाच धुवायचीत."