शेवटची चिमूट

"हे सूप आहे का समुद्र?" वाढायच्या खिडकीशी उभा असलेला छापखान्यातला कामगार शेजाऱ्याच्या कानात पुटपुटला.

खिडकीच्या आत सूनबाई पळी घेऊन उभी होती. तिला ऐकू आलं. मागे चुलीपाशी सासूबाई होत्या, त्यांनाही आलं.

"ऐकलंस?" त्या म्हणाल्या. "त्या वर्गाला जायला लागल्यापासून हात चळलाय तुझा. डोक्यात ग्रीक आणि पातेल्यात मीठ!"

सूनबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. या खाणावळीचा नियम जुना होता. सुनेनं मीठ बेतानंच घालायचं, मग सासूबाईंनी पळीभर चाखायचं आणि शेवटची चिमूट त्यांनी घालायची. एके काळी त्या चिमटीसाठी लोक दोन गल्ल्या ओलांडून जेवायला येत. हिवाळ्यात सासूबाईंना मोठा ताप आला, आणि तो उतरल्यापासून चिमटीची मूठ झाली.

घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. सासरे जेवताना तांबेच्या तांबे पाणी रिचवत. नवरा तर आईची पाठ वळली की कढत पाण्याची किटली पातेल्यात रिकामी करी. मग लोक म्हणत, सूप पाणचट झालं. त्याचाही बोल सूनबाईलाच! आज तो बाजारात गेला होता. जाताना डोळ्यानंच खुणावून गेला, किटलीचं बघ. किटली तिच्या हाताशीच होती. तिनं ती उचलली नाही. झाकपाकही आपण करायची आणि शिव्याही आपणच खायच्या? हे कुठलं शास्त्र?

शास्त्राचं तिला हल्ली वेडच लागलं होतं. बुधवारी दुपारी वाचनालयात एक निवृत्त मास्तर नवशिक्यांना तत्त्वज्ञान शिकवत. शाळा अर्धवट सुटलेली सूनबाई पहिल्या बाकावर बसे. जुन्या ग्रीसमधले काही लोक, मास्तर म्हणाले, दरवेळी देवांचा कोप म्हणून गप्प बसायला तयार नव्हते. जग कशाचं बनलंय, असं ते विचारू लागले. एकजण म्हणाला, सगळं मुळात पाणीच. तिनं घरी येऊन सांगितलं, तर नवरा हसला, "मग तो आपल्याच खाणावळीत जेवला असणार!"

त्या दिवशी तीही हसली होती. पण गेल्या बुधवारी मास्तरांनी दुसऱ्या एकाचं सांगितलं. त्याचं म्हणणं, गोड-कडू हे वस्तूत नसतंच मुळी, ते चाखणाऱ्यावर असतं. आजाऱ्याला मधही कडू लागतो. वर्ग माना डोलावत होता. सूनबाईच्या डोळ्यांपुढे मात्र पातेलं आलं, आणि आजारातून उठलेली एक जीभ.

दुपारची गर्दी ओसरली, नवरा बाजारातून परतला आणि घरची चौघं जेवायला बसली.

"पुढच्या आठवड्यापासून बुधवार बंद," सासूबाईंनी फर्मान काढलं. "गिऱ्हाईक तुटायला लागलं. चूल सांभाळायची का ग्रीस, ते ठरव."

सूनबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तो भाताचे ढीग रचत होता.

"आई म्हणतेय तर..." तो म्हणाला, "थोडे दिवस राहू दे ना. नंतर बघू."

"अहो, तुम्हीसुद्धा?" तिचा आवाज चढला. "किटली कुणाच्या हातात असते रोज?"

"कसली किटली?" सासूबाईंनी विचारलं.

सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली. सासऱ्यांनी हळूच तांब्याकडे हात नेला.

"बाबा, आज पाणी नको," सूनबाई म्हणाली. "आज जे वाढलंय ते तसंच खायचं. मला एक सांगा, खारट का अळणी, हे ठरवतं कोण?"

"जीभ. आणखी कोण!" सासूबाई म्हणाल्या. "यासाठी वर्गाला जावं लागतं?"

"कुणाची जीभ?"

"अगं, जेवताना कशाला..." नवरा म्हणाला.

"मग कधी? माझा बुधवार गेल्यावर? सगळ्या घराला ठाऊक आणि फाशी मला! आई, तुम्ही..."

बोलता बोलता ती अडकली. सासूबाईंची वाटी जवळजवळ रिकामी झाली होती. जे सूप पिताना छापखान्यातल्या माणसाचं तोंड वाकडं झालं, ते त्या शांतपणे भुरकत होत्या. आणि डोळे वाटीत नव्हते. ते सासऱ्यांच्या तोंडावरून नवऱ्याच्या तोंडावर फिरत होते. पहिल्या दिवशी परक्या घरी जेवणारी नवी नवरी बघते तसे, कोण कसं खातंय ते बघत.

सूनबाईचा राग गेला नाही. पण आवाज उतरला. तिनं आपला चमचा भरून त्यांच्यापुढे धरला.

"आई, चाखा. कसं झालंय ते आमच्याकडे न बघता सांगा."

सासूबाईंनी सवयीनं चाखलं. सवयीनंच म्हणाल्या, "बरोबर आहे."

कुणी मान हलवली नाही. आज कुणी पाणीही प्यायलं नाही.

त्यांनी चमचा ताटात ठेवला. शेवटची चिमूट घालायची ती बोटं पदराला पुसली, पुन्हा पुसली.

"मला चवच लागत नाही गं," त्या म्हणाल्या. "ताप उतरल्यापासून. कशाचीच."