ताईचे पाय कुठे ठेवायचे?

या बाळांनो, असे जवळ सरका. टाकीला हात लावलात तरी चालेल, ती आता गार आहे. मन मात्र भटकू देऊ नका. एका हट्टाची आणि दोन पायांची गोष्ट सांगते.

मी एक जुनी मोटारसायकल आहे. देवाने प्रत्येक जिवाला जागच्या जागी अवयव दिले, तसे कारखान्याने मलाही दिले होते. पुढे चालवणाऱ्याचे दोन फुटरेस्ट, मागे बसणाऱ्याचे दोन. चालवायचा दादा, मागे बसायची त्याची मोठी बहीण, ताई. तिचा उजवा पाय लहानपणापासून अधू. रोज सकाळी ती तो हाताने उचलून फुटरेस्टवर ठेवायची, दादाच्या खांद्यावर दोनदा थोपटायची, की मी निघाले! शिवणकामाचा कारखाना येईपर्यंत ती देवाचे गाणे गुणगुणायची. मित्रांनो, ते ऐकून माझे इंजिनसुद्धा लयीत चालायचे.

पण दादाने कुठेतरी शर्यतीच्या गाडीचे चित्र पाहिले. स्वार पाय मागे घेऊन, छाती टाकीवर टेकवून बसलेला. झाले! यालाही तसेच बसायचे. तयार सामान खिशाला परवडेना, म्हणून याने युक्ती काढली. ताईचे फुटरेस्ट आपल्याच पायांना घ्यायचे आणि गिअर, ब्रेक तिथपर्यंत मागे न्यायचे.

पुढचे तीन रविवार माझे हाल विचारू नका. गिअरची सळई दोन बोटे लांब. कापली तर एक बोट आखूड. नवी जोडली, तर उलटी! वर उचलायचा गिअर खाली दाबावा लागे. ब्रेकची पट्टी सायलेन्सरला घासे. किक मारावी तर ती फुटरेस्टवर आपटे. दादा पाना फेकून ओरडे, "हिच्या अंगातच वाकडेपणा आहे!" अरे बाबा, वाकवलेस तू आणि वाकडी मी?

गॅरेजवाले मामा डोकावून गेले. "बसशील झकास. पण मागच्या माणसाचे पाय कुठे रे?"

"ते बघू नंतर, मामा. आधी गिअर तर पडू दे."

तिसऱ्या रविवारी एकदाचे सगळे जमले. सोमवारी ताई डबा घेऊन आली, बसली, पाय उचलून जागा चाचपू लागली. तिथे दादाचा बूट!

"अगं, पाय सोडून बस ना. दहा मिनिटांचा तर रस्ता!"

"लोंबकळायला मी काय भाजीची पिशवी आहे?" ती हसली खरी, पण उतरली. "जा तू. मी जाते बसने."

बसथांबा पार रस्त्याच्या टोकाला. पाय ओढत ती चालली होती, आणि आम्ही दोघे तिच्या शेजारून ऐटीत पुढे गेलो. माझा असा संताप झाला म्हणून सांगू! पण मला बोलता कुठे येते?

तेव्हापासून रोज सकाळी दादा मला सुरू करतो आणि तसाच बसून राहतो. खांद्यावर दोनदा थोपटण्याची वाट बघत. मग एकटाच निघतो.

काल त्याने सगळे पूर्वीसारखे करायला आपण होऊन पाना उचलला. डावी बाजू सुटली. उजवीकडे, ब्रेक घट्ट राहावा म्हणून, त्यानेच बोल्टला वेल्डिंग करून घेतलेले. दिवसभर झटला, बोटे सोलली, शेवटी माझ्या सीटवर कपाळ टेकून बसला. आता मामा कटर घेऊन येणार आहेत.

मित्रांनो, गाडीला हौसेने काही बसवताना आधी मागे वळून बघा, तिथे कोणाचे पाय आहेत. आणि उद्या बसथांब्यावर पाय जपत उभी असलेली एखादी बाई दिसली, तर आमच्या ताईला आठवा. तिच्यासाठी देवाजवळ एवढेच मागा, की तो एक बोल्ट सुटू दे.