दुखवट्याच्या दारी वाजलेला क्लॅरिनेट

मित्रांनो, भोरच्या कुंडलिक बँडमास्तरांच्या घरी खुंटीला एक काळी पेटी टांगलेली असते. त्या पेटीतला जुना क्लॅरिनेट तो मी. खेड्यापाड्यांत मला सरसकट पिपाणी म्हणतात. अहो, पिपाणी जत्रेत मिळते आणि पोरं ती संध्याकाळपर्यंत मोडून टाकतात! मी काळ्या, कठीण लाकडाचा, चकचकीत चाव्यांचा. पण हे कुणाकुणाला सांगत बसणार? म्हणणारे म्हणोत, मी आपला वाजत राहिलो.

पुण्यातल्या एका दुकानात मी काचेआड धूळ खात पडलो होतो. तरुण कुंडलिकदादांनी मला उचललं आणि पहिल्याच दिवशी माझ्यातून बदकासारखा आवाज काढून अख्खी आळी हसवली. हळूहळू त्यांचा हात बसला. वाजवून झालं की ते माझे तुकडे सुटे करत, आतून फडकं फिरवत, सांध्यांना मेण लावत. वेल्ह्याकडच्या पावसात भलंभलं लाकूड फुगतं, पण दादांनी मला कधी चीर पडू दिली नाही.

त्यांची एक खोड होती. वरात निघण्याआधी ते यजमानांना विचारायचे, “वाटंत कुणी घरात पडून हाय का?” म्हातारं माणूस असो, बाळंतीण असो की पाय मोडलेलं पोर, त्या घरापाशी आलो की दादा वरात थांबवायचे आणि मला घेऊन उंबऱ्याशी जायचे. कुणाला काय आवडतं हे त्यांना पाठ होतं. नाचणारी पोरं खोळंबून कुरकुर करायची, तिकडे दादा साफ कानाडोळा करायचे.

गुंजवण्याचे कोंडिबा हे आमचे असेच एक चाहते. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते ओट्यावरच्या बाजेवरून हलत नसत. त्यांना गवळणीची एक जुनी चाल आवडायची. ती संपली की ते नुसता हात वर करायचे. म्हणजे, पुन्हा वाजवा.

काही वर्षांपूर्वी त्याच गावात अजितचं लग्न होतं. लग्नघराच्या भिंती सारिकानं रंगवल्या होत्या. दाराच्या दोन्ही अंगांना हत्ती, वर गणपती, खाली नवरानवरीची नावं. पंचक्रोशीत असं काम करणारी ती एकटीच उरली होती. दुपारी पंगतीत ती दादांना म्हणाली, “दादा, ह्या लग्नानंतर म्या ब्रश ठेवनार. कापूरहोळला फ्लेक्सच्या दुकानात कामाला जातीया. भिंत कोण बघतंय आता? समदी भिंतीकडं पाठ करत्यात अन् मोबाईलकडं त्वांड.”

दादांना वाईट वाटलं. ते ताटातला भात कालवत राहिले.

संध्याकाळी वरात निघाली. कोंडिबा महिन्यापूर्वीच वारले होते. आमच्याकडे दुखवट्याचं घर आलं की वाजंत्री बंद करून पुढं जातात. त्यांचं घर येताच रीतीप्रमाणे दादांनी हात वर केला. ढोल थांबला, ताशा थांबला, मीही गप्प झालो. माणसं खाली माना घालून चालू लागली, तोच दार उघडलं. कोंडिबांच्या पत्नी, ठकुबाई, उंबऱ्यात उभ्या होत्या.

“कुंडलिका, वाजवायचं का रं थांबीवलंस?”

“मावशी, दुखवटा हाय न्हवं. रीत हाय ती.”

“रीत म्हाईत हाय मला. पर ह्या दारावरनं तू कवा मुका गेलायस? लग्नं कवा लागत्यात, कुंडलिक कवा येतुया, ह्योच घोर हुता त्यास्नी. वाजीव.”

अजितचे वडील गेनूतात्या पुढं सरसावले. “मास्तर, चला म्होरं. शुभ कार्यात आसलं काय नगं. ऐकनार नसशीला तर ह्या खोऱ्यात तुमाला पुन्यांदा कुनी बोलवायचं न्हाई.”

ही पोकळ धमकी नव्हती. खोऱ्यातली निम्मी लग्नं त्यांच्या भावकीतली. दादांच्या बोटांना घाम फुटला, तो मला माझ्या चाव्यांवर कळला. मग त्यांनी मला ओठांशी धरलं आणि ती गवळण वाजवली, अगदी सावकाश. ती संपली. ठकुबाईंनी हात वर केला.

दादांनी पुन्हा वाजवली. जीपमधून नवरदेव खाली उतरला आणि ओट्यापाशी येऊन उभा राहिला. गेनूतात्यांनी तोंड फिरवलं, पण ते पुढं गेले नाहीत. सारिका मात्र गर्दीत उभी राहून मोकळेपणानं रडत होती.

खोऱ्यातली बोलावणी खरंच कमी झाली. दादांनी त्याचं कधी दुःख केलं नाही. सारिका फ्लेक्सच्या दुकानात गेली नाही. दुसऱ्या लग्नघरी गेल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, “घरात कोन पडून आस्तंय?” आणि बाहेरच्या भिंतीआधी त्या माणसाच्या खाटेसमोरची भिंत रंगवली. आता ती सगळीकडे तसंच करते. वेल्ह्याचा हनुमंत भारुडं करतो. तोही हल्ली खेळ झाल्यावर सोंग न उतरवता म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन येतो.

गेल्या पावसाळ्यात दादांना दम्यानं गाठलं. डॉक्टरांनी फुंकायला साफ मनाई केली. दादांनी मला खुंटीला टांगलं आणि कुणाला भेटेनासे झाले. भेटायला आलेली माणसं दारातूनच परत जाऊ लागली. पेटीतल्या अंधारात माझा जीव कासावीस व्हायचा.

एके सकाळी सारिका रंगाचे डबे घेऊन आली. दादांच्या बायकोनं, मंगलकाकूंनी, तिला आत घेतलं. दादांनी कूस बदलून पाठ फिरवली, तरी तिचं काम चाललंच. दुपारी ते वळले. समोरच्या भिंतीवर ना हत्ती, ना गणपती. तिथं माणसं बसली होती. ठकुबाई, अजित, कडेवर तान्हं घेतलेली एक बाळंतीण, पाठमोरे पण मान वळवून ऐकणारे गेनूतात्या, आणि बाजेवर कोंडिबा. सगळे दादांकडे बघत होते.

दादांनी एकेक चेहरा नीट पाहिला. मग म्हणाले, “मंगल, पेटी दे गं खाली.”

मित्रांनो, आता रोज संध्याकाळी दादा मला पुसतात, मांडीवर घेतात आणि न फुंकता नुसती बोटं फिरवतात. तुमच्या गावातही एखादं वाद्य असंच टांगलेलं असेल. ते खाली काढा, पुसा. आणि ते वाजवणाऱ्याचा दम संपला असला तरी त्याच्यासमोर थोडा वेळ बसा. कधी भोरला आलात तर आमच्याकडेही या. भिंतीपाशी अजून पुष्कळ जागा आहे.