रॉइसचा कोट

व्हर्लीनच्या अंगाचा तिळपापड झाला होता. चूक एकाची आणि बोल दुसऱ्याला, हा कुठला न्याय?

वायोमिंगच्या त्या माळावर मेंढ्या व्यायला लागल्यापासून एक कोयोट कोवळी कोकरं उचलत होता. कोल्ह्याचाच भाऊबंद, पण त्याहून बेरकी. तिचा थोरला भाऊ रॉइस म्हणाला होता, आज हा गोळीखाली आला नाही तर संध्याकाळी कुंपणाला तारेचे फास लावणार. फासाला कुठलं कळतंय, कोयोट कोण आणि कुत्रा कोण. व्हर्लीनची कुत्री टॅन्सी तर कळप राखत दिवसभर त्या कुंपणाच्या कडेनंच फिरायची.

उजाडता उजाडता बहीणभाऊ उतारावर जाऊन बसले. वाऱ्याची दिशा बघायला व्हर्लीननं डबीतली पावडर हवेत उडवली. गार वारा खाली वाहत होता. जखमी सशासारखी ओरडणारी शिट्टी ऐकून कोयोट येतो, पण कधी सरळ येत नाही. वळसा घालतो आणि माणसाचा वास मिळेल अशा बाजूनं येतो. म्हणून रॉइस खालच्या अंगाला बंदूक रोखून बसला. इथवर ठीक होतं.

"उन्हं आली की वारा उलटेल," ती कुजबुजली. "मग तो वरून येईल. तोंड फिरव."

"तू शिट्टी वाजव. वारा मी बघतो."

तिनं वाजवली. उतारावर उन्हं आली, पावडर वर निघाली. तिनं त्याला कोपरानं ढोसलं, पण हा आपला ढिम्म. कोयोट आला तो वरूनच, यांच्या पाठीमागनं. वास लागला आणि पसार झाला. रॉइसला नुसती शेपटी दिसली.

"तुझा तो सुगंधी साबण," तो म्हणाला. "बाईमाणसाला शिकारीला आणायचंच नसतं."

तंबाखू आणि डिझेलनं स्वतःचा कोट नुसता घमघमतोय, तो हा माणूस. कोयोटापायी ती कपडेसुद्धा नुसत्या सोड्यात धूत होती, हे याच्या गावीही नाही.

घरी येऊन तो कोट काढून फासांच्या तारा सोडवायला बसला. व्हर्लीननं टॅन्सीला कोठारात बांधलं, बंदूक उचलली, कोटही उचलला आणि एकटीच निघाली. सकाळच्या जागी तो आता फिरकणार नव्हता, म्हणून ती पलीकडच्या घळीत गेली. वारा अजून वरच वाहत होता. खाली एका खांबाला तिनं कोट टांगला आणि आपण बरीच लांब, बाजूला बसली.

शिट्टी ऐकून कोयोट वरून वळसा घेत आला. कोटाचा वास लागताच पळण्याआधी क्षणभर नाक वर करून जागीच थबकला. तिला तेवढंच हवं होतं.

संध्याकाळी तिनं कोयोट पायरीशी टाकला आणि कोट रॉइसच्या मांडीवरच्या तारांवर भिरकावला.

"घे. साबणाला नाही, याच्या वासाला थबकला."

"नशीब असतं एकेकाचं," तो पुटपुटला.

"नशीब कसलं? उद्यापासून शिट्टी तू वाजवायची. वारा मी बघेन."

तारा उचलून तिनं भंगारात टाकल्या आणि टॅन्सीला सोडलं.