पदर आणि साडेतीनशे

माझी बायको तुळसा गेली त्याच वर्षी, थंडीत, माझा धाकटा भाऊ सोमनाथ गाडीची चावी मागायला आला. गाडी साडेतीनशे सीसीची, दोन सिलिंडरची. कागद माझ्या नावावर, पण गाडी त्याचीच. सत्त्याण्णव साली शेळगावात तशी दुसरी नव्हती.

जुनी घेऊन त्यानं ती शर्यतीसाठी तयार केली होती. हँडल खाली घेतलं, फुगीर सायलेन्सर बसवले, सीटचा मागचा भाग उचलून घेतला. मागं बसणाऱ्याला धरायचा दांडा काढला. डाव्या अंगाची साडीगार्डची जाळीही काढली. वळणावर गाडी आडवी केली की जाळी रस्त्याला घासते, असं तो म्हणायचा. ते खरं होतं. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा चार हजारावर जाईपर्यंत गाडी सुस्त चालायची. त्यापुढं अशी उसळायची की मागचा माणूस मागंच सरकायचा.

त्या सीटवर तुळसा एका अंगाला बसली होती, मांडीवर आमची लेक साक्षी. मी बारामतीला एमआयडीसीत, डेअरीत पाळीवर होतो, म्हणून सोमनाथ तिला माहेरी पळसदेवला सोडायला निघाला. निमगावच्या अलीकडं त्यानं एका ट्रकला मागं टाकलं. पदर चाकात गेला. तुळसा पडली ती साक्षीला पोटाशी धरूनच. साक्षीला खरचटलंसुद्धा नाही. तेव्हापासून गाडीची चावी मी माझ्याकडं ठेवली होती.

"रविवारी एमआयडीसीच्या रस्त्यावर फलटणची पोरं शर्यतीला येणार हायेत," सोमनाथ म्हणाला. "चावी दे, दादा."

"आधी जाळी बसव."

"दूधवाल्याची गाडी दिसंल ती. आन् जाळीचं काय घेऊन बसलास? वहिनीनं पदर आवरायचा का न्हाय? बाकीच्या बाया बसत्यात की."

हेच तो सगळीकडं सांगत होता. तुळसाच्या आईला म्हणजे प्रयागबाईलासुद्धा, ती रडत असताना त्यानं हेच सांगितलं होतं.

मी आत गेलो. तुळसाची एक साडी काढली. साक्षीच्या वजनाइतकं पीठ पिशवीत भरून तोंड बांधलं आणि दोन्ही त्याच्यापुढं ठेवलं.

"मी चालवतो. तू ही नेसून तिच्यासारखा माझ्यामागं बस. पिशवी मांडीवर घे. निमगावपर्यंत पदर आवरून दाखव. आवरलास तर चावी तुझी, आन् चूक तुळसाची होती, असं मी म्हणंन. न्हाय आवरलास, तर चूक तुझी, हे तू प्रयागबाईच्या पुढं म्हणायचं."

त्यानं गाडीकडं बघितलं. "व्हय, चालंल," म्हणाला आणि पँटवरच साडी गुंडाळली.

स्टँडवर टपरीवाला भिमा ओरडला, "सोमाबाई, जपून बसा. सासरी निघाला का माहेरी?"

"तुझ्याच घरी येते. चहा ठेव," सोमनाथ म्हणाला. सगळे हसले.

गाव मागं पडलं. मी ॲक्सिलरेटर पिळला. काटा चार हजार ओलांडून गेला आणि सोमनाथ मागं सरकला. त्याचा एक हात माझ्या खांद्यावर होता, दुसरा पिशवीवर. पदराला हात उरला नव्हता.

"दादा, हळू घे."

मी आणखी पिळला. पदर सुटून मागं फडफडायला लागला. मान वळवली तेव्हा तो चाकाच्या बाजूला जाताना दिसला. मी वेग कमी केला नाही. खरं सांगायचं तर तो आत जावा, असंच मला वाटत होतं.

"न्हवती तिची चूक," सोमनाथ ओरडला. "थांब, दादा. न्हवती."

मला ते ऐकू आलं. पुन्हा ऐकायचं होतं, म्हणून मी थांबलो नाही.

मग मागचं वजन एकदम हलकं झालं. मागं काहीतरी आपटलं. मला वाटलं, गेला हा. पण खांद्यावरचा हात तसाच होता. ब्रेक दाबला तरी गाडी बरीच पुढं जाऊन थांबली.

सोमनाथ खाली उतरला. सगळा पदर त्यानं मुठीत गोळा करून धरला होता. मागं रस्त्यावर पिशवी फुटली होती. उसाचा एक ट्रॅक्टर पिठावरून गेला, दोन्ही ट्रॉल्यांसकट.

"पदर आवरलास," मी म्हणालो. "साक्षी कुठाय?"

त्यानं त्या पिठाकडं बघितलं. रडेल असं वाटलं. मग त्यानं मूठ माझ्यापुढं धरली.

"पदराचं बोलला हुतास तू. पिठाचं न्हाय."

"आन् आत्ता मागं बसून काय वरडत हुतास?"

"भ्यालो हुतो. भ्यालेला माणूस काय बी बोलतो. चावी दे."

शब्द माझाच होता. मी चावी दिली. त्यानं साडी सोडून माझ्या हातात कोंबली आणि गाडी वळवून निघून गेला. मी शेळगावापर्यंत चालत आलो.

रविवारी तो जिंकला. आता टपरीवर बसून सांगतो, "साडी नेसून, मांडीवर वझं घेऊन मी पदर आवरून दाखवला. दादाला इचारा."

लोक मला विचारतात. पदर सुटून चाकात गेला नाही, हे खरं, असं मला म्हणावं लागतं. पुढं पिठाचं सांगायला जातो, तर सोमनाथ साडीत कसा दिसत होता ते आठवून ते आधीच हसायला लागलेले असतात.